जिभेखालचा दोरा

“दोरा कापला का जीभ सुटते वं. दहा मिनिटाचं काम हाये.”

आत्या स्वयंपाकघरात आईला सांगत होती. मी मधल्या खोलीत, आदल्या दिवशी पाहुण्यांसाठी काढलेल्या कपबश्या पुसून परत कपाटात लावत होते. मधे नुसता पडदा होता. पडद्याखालून आईची पावलं दिसत होती, ती हलली नाहीत. हातातला कप ठेवताना आवाज होऊ नये म्हणून मी आधी बशीवर फडकं घातलं.

आत्याच्या शेजारणीच्या मुलाचा म्हणे असाच दोरा कापला होता आणि तो आता शाळेत कविता म्हणायचा. आई हळू आवाजात म्हणाली की ही काही लहान नाही, विशीची आहे. आत्या म्हणाली, मग काय झालं, जीभ काय म्हातारी होते? आईने भाजी चिरायला घेतली. मला तिचं उत्तर ऐकायचं होतं.

मी जिभेखाली बोट घालून पाहिलं. तिथे एक मऊ पातळ पडदी होती, सगळ्यांना असते तशी. पण तेव्हा मला ती सगळ्यांना असते हे माहीत नव्हतं.

मी अडखळत बोलते. सत्तरच्या दशकातली ती पाच आठवड्यांची गोष्ट लिहिताना हे आधी सांगून टाकते, कारण हे सांगायलाच मला नेहमी सगळ्यात उशीर होतो. अडखळणं म्हणजे लोक नक्कल करतात तसं पहिलं अक्षर तीनदा म्हणणं एवढंच नव्हे. पुष्कळदा काहीच बाहेर येत नाही. ओठ मिटतात, गळा आवळतो आणि समोरच्याच्या चेहऱ्यावर आधी नवल, मग दया आणि मग घाई दिसू लागते. अवघड शब्द मला दोन-तीन शब्द आधीच दिसायचा, गल्लीत पुढे बसलेलं कुत्रं दिसावं तसा. मग मी वाट बदलायची. आईने जिरं आणायला सांगितलं आणि त्या दिवशी ते जमणार नसेल, तर मी मोहरी घेऊन यायची आणि जिरं संपलं होतं असं सांगायची. आमच्या दुकानदाराकडचं जिरं फार वेळा संपायचं.

शाळा नन्सची, इंग्रजी माध्यमाची. बाबा आमच्या घराण्यात शेत सोडून कचेरीत आलेले पहिले. आपल्याला साहेबांसमोर बोलता येत नाही याची त्यांना बोच होती, म्हणून मुलगी तरी बोलती व्हावी यासाठी त्यांनी मला तिथे घातलं. हजेरीला ‘प्रेझेंट, सिस्टर’ म्हणावं लागे. मी हात वर करून उभी राहायची. काही सिस्टर तेवढ्यावर खूण करायच्या, काही वाट पाहायच्या. पण सकाळची प्रार्थना सगळ्यांबरोबर म्हणताना मी एकदाही अडखळले नाही. तीनशे मुलींच्या आवाजात माझा आवाज सरळ चालायचा. हे मी घरी कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर म्हणजे बोलता येतं, तूच करत नाहीस, असं कोणीतरी म्हणालं असतं.

इलाज सगळे झाले होते. वेखंड मधात उगाळून जिभेला चोळलं. शंखात रात्रभर ठेवलेलं पाणी प्यायले. पोपटाने चोचलेला पेरू खाल्ला, तोही आत्यानेच गावाहून आणला होता. साबुदाण्याएवढ्या गोड गोळ्या दीड वर्ष. प्रत्येक इलाजानंतर घरातले आठ-दहा दिवस माझ्या तोंडाकडे पाहत राहायचे. मला इलाजाची नाही, त्या आठ-दहा दिवसांची धास्ती वाटायची.

आदल्या दिवशी जे पाहुणे आले होते ते मला पाहायला आले होते. मुलगा खापरखेड्याच्या वीज केंद्रात ज्युनिअर इंजिनिअर. आत्याचे यजमान तिथेच होते, त्यामुळे स्थळ आत्याने आणलेलं. तिने त्यांना माझं अडखळणं सांगितलं नव्हतं. त्याऐवजी तिने सांगितलं होतं की पोरगी नन्सच्या शाळेतली आहे, तिला मराठी बोलायची सवय नाही, म्हणून कमी बोलते. आत्याला ही युक्ती फार पसंत होती. दोष झाकला जातो आणि वर मुलगी शिकलेली दिसते. बाबांना ते आवडलं नव्हतं, पण त्यांनी हरकतही घेतली नाही. आणि यातून पुढे काय होईल, हे आमच्यापैकी कोणाच्याच डोक्यात आलं नाही.

मुलाकडच्यांनी मुलाच्या मामांना बरोबर आणलं. मामा रेल्वेतून निवृत्त झालेले, गोऱ्या साहेबांच्या हाताखाली सुरुवात केलेले. मुलीला अवघडल्यासारखं होऊ नये, तिच्या भाषेत बोलायला कोणीतरी असावं, म्हणून ते मुद्दाम आले होते. त्यांनी कोट घातला होता. मी पोह्यांच्या बश्या ठेवून बसले तसे ते पुढे झुकले आणि अगदी प्रेमाने म्हणाले, “सो, व्हॉट इज युअर गुड नेम?”

जिऱ्याला मोहरी होती. नावाला दुसरा शब्द नसतो.

माझं तोंड मिटलं ते मिटलंच. मान ताणली गेली, हे मला कळत होतं. आईच्या बांगड्या वाजल्या आणि थांबल्या. मुलगा भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहू लागला आणि पाहतच राहिला. किती वेळ गेला सांगता येणार नाही. एक घास चावून गिळण्याइतका असेल. मग आत्या म्हणाली, “लाजून राहिली.” मामा मोठ्याने हसले. आपलं इंग्रजी ऐकून पोर भ्याली असं ते सगळ्यांना मराठीत म्हणाले आणि सगळे हसले. मीही हसले.

जाताना ते नाही म्हणाले नाहीत. मुलाच्या आईचे गुडघे दुखत होते म्हणून त्या आल्या नव्हत्या. पुढच्या महिन्याच्या शेवटी त्या येतील, त्यांना मुलीशी दोन शब्द बोलायचेत, असं ठरलं. पाच आठवडे होते. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी आत्या आईला दोऱ्याचं सांगत होती.

त्याच आठवड्यात बाबा आणि आत्या मला शहरातल्याच धंतोली भागातल्या एका डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टरांनी लाकडी पट्टीने जीभ दाबली, टॉर्च मारला, घसा पाहतात तसं पाहिलं. मला त्यांनी काही विचारलं नाही. किती वर्षांपासून, घरात आणखी कोणाला, ताप वगैरे आला होता का, हे सगळं आत्याला विचारलं आणि आत्याने सगळ्याची उत्तरं दिली. मी तोंड मिटून दोघांकडे आळीपाळीने पाहत होते. थोडा दोरा आहे, डॉक्टर म्हणाले, कापून टाकू, नुकसान काही नाही. सुन्न करायचं इंजेक्शन, एखाद-दुसरा टाका, चार दिवस पेज. बाबांनी विचारलं, पूर्ण बरं होईल का. डॉक्टर म्हणाले, “फरक पडेल.” घरातल्या लग्नासाठी ते बाहेरगावी जाणार होते, म्हणून तीन आठवड्यांनंतरचा गुरुवार ठरला.

रिक्षात बाबा दोनदा म्हणाले, फरक पडेल म्हणतात. तिसऱ्यांदा ते आईला म्हणाले.

मला भीती ब्लेडची होती, हे खरं. जिभेवर कोणी धारेचं काही लावणार, या विचाराने जेवताना घास फिरायचा. पण त्यामागे आणखी एक भीती होती. मला जेवढं बोलता येत होतं तेवढंच माझं होतं. तेही गेलं तर? हे कोणाला विचारायचं ते मला कळेना, आणि विचारायला पुन्हा बोलणंच आलं.

आमच्या घरमालकांची मुलगी वरच्या मजल्यावर राहायची आणि मेडिकलच्या तिसऱ्या वर्षाला होती. मी तिला ताई म्हणायची. माझं वाक्य दुसऱ्याने पुरं करू नये, हे न सांगता कळलेली ती एकटीच. मी तिला चिठ्ठी लिहून दिली: तोतरेपणावर डॉक्टरांच्या पुस्तकांत काय लिहिलंय ते मला स्वतः वाचायचंय. तिने चिठ्ठी वाचली आणि म्हणाली, बाहेरच्यांना लायब्ररीत घेत नाहीत. मग थोडा विचार करून म्हणाली, “माझा जुना एप्रन घाल. कोणी विचारलं तर नाव आणि रोल नंबर सांग.”

हे बोलून झाल्यावर तिने जीभ चावली. मग आम्ही ठरवलं की कोणी विचारलंच तर मी खोकायला लागायचं.

त्या तीन आठवड्यांत मी चार वेळा गेले. प्रत्येक वेळी दारातल्या रजिस्टरवर ताई दोघींच्या सह्या करायची आणि टेबलामागचे गृहस्थ मान वर करेपर्यंत मी आत गेलेली असायची. पांढरा एप्रन मला खांद्यावर मोठा होता. आत उंच खिडक्या, लांब टेबलं आणि इतकी शांतता की कोणी माझ्याशी बोलणार नाही याची खात्री वाटावी. तरी पाठीमागे पावलं वाजली की माझा खोकला गळ्यात तयार व्हायचा.

कार्डांचे खण उघडून मी आधी माझा रोग शोधला. तो एका ठिकाणी नव्हताच. शल्यक्रियेच्या पुस्तकात थोडा, मनोविकारांच्या पुस्तकात थोडा, लहान मुलांच्या पुस्तकात एक पान. खालच्या कपाटात कातडी पाठीची एक जुनी जाड प्रत सापडली. माझ्यासारख्या माणसांना आजवर काय काय केलं गेलं, हे त्यात ओळीने दिलं होतं. तोंडात खडे धरून बोलणं. जिभेखाली सोन्याचा किंवा हस्तिदंताचा काटा, जिभेला आधार म्हणून, बसवणं. गेल्या शतकात युरोपातल्या शल्यवैद्यांनी जिभेच्या मुळाशी पाचर काढावी तसा तुकडा कापला होता, तोही भूल देण्याची सोय येण्याच्या आधी. वाचताना मी तोंडावर हात धरला होता हे मला ताईने माझा हात खाली घेतला तेव्हा कळलं. पुढचं वाक्य मी दोनदा वाचलं. कापल्यानंतर काही दिवस रुग्ण चांगलं बोलत आणि मग पुन्हा पहिल्यासारखं होई.

ते आठ-दहा दिवस मला माहीत होते.

एका पुस्तकात होतं की डावखुऱ्या मुलाला उजव्या हाताची सवय लावली तर बोलणं बिघडतं, असं काहींचं मत आहे; पुढच्याच पानावर होतं की बाकीच्यांना ते पटत नाही. मी लहानपणी डाव्या हाताने जेवायची. आईने ती सवय मोडली होती, माझा डावा हात आपल्या मांडीखाली धरून ठेवून. ते पान मी मिटलं. आईला ते मी कधीच सांगितलं नाही आणि आता सांगायला ती नाही.

दोऱ्याबद्दल मला हवं होतं ते चौथ्या खेपेला, त्यातल्या त्यात नव्या पुस्तकात सापडलं. जीभ ओठांबाहेर येत असेल आणि टोक टाळूला लागत असेल, तर दोऱ्याचा दोष नाही. आणि दोरा कापल्याने तोतरेपणा जात नाही. मी तिथेच, मान खाली घालून, जीभ टाळूला लावली. लागली. पुन्हा लावली. समोर बसलेल्या मुलाने माझ्याकडे पाहिलं तेव्हा मी खोकले.

आनंद व्हायला हवा होता. पण पुढची पानं उलटली तर खात्रीचा इलाज कुठेच नव्हता. हळू बोलण्याचे, ठोक्याच्या तालावर शब्द टाकण्याचे, श्वासाचे सराव होते. ते वर्षानुवर्षं करायचे आणि त्यांचाही भरवसा नाही. दोरा होता तोवर काहीतरी कापून टाकता येणार होतं. दोरा नाही, म्हणजे मी अशीच. खरं सांगायचं तर क्षणभर मला वाटलं, कापूनच घ्यावं. निदान काही केलं नाही असं कोणी म्हणणार नाही. ही कबुली त्या वेळी मी ताईलासुद्धा दिली नाही.

तरी मी ती इंग्रजी वाक्यं पुस्तकाच्या नावासकट एका कागदावर उतरवून घेतली.

कागद घेऊन मी बाबांसमोर दोनदा गेले. पहिल्यांदा ते पेपर वाचत होते. मी “बाबा” म्हटलं. त्यांनी ताबडतोब चेहरा वर केला आणि श्वास रोखला. मी बोलायला लागले की ते नेहमी असं करत, जणू माझ्या वाट्याचा थोडा श्वास त्यांना वाचवून ठेवता येईल. ते पाहून मी विचारलं, चहा हवा का. दुसऱ्यांदा ते आईला सांगत होते की गुरुवारसाठी अर्ध्या दिवसाची रजा मंजूर झाली. त्यांचा आवाज मला वर्षा-दोन वर्षांत ऐकू आला नव्हता इतका मोकळा होता. कागद मी ब्लाउजमध्ये परत ठेवला. डॉक्टर इंग्रजी वाचतात, डॉक्टरांनाच द्यावा, असं मी ठरवलं. म्हणजे बोलावं लागणार नाही.

गुरुवारी आत्या सकाळच्या बसने खापरखेड्याहून आली. धंतोलीच्या त्या बाकावर मला मधे बसवून तिने माझा हात हातात घेतला. “घाबरून काहून राहिली वं? कान टोचले तवा रडली नव्हती तू,” ती म्हणाली. आत्याचं माझ्यावर प्रेम नव्हतं असं मी म्हणू शकत नाही. तिला खरंच वाटत होतं की मी दोन शब्द बोलले की माझं आयुष्य मार्गी लागेल, आणि बाबांना वाटत होतं ते तिच्यापेक्षा फार वेगळं नव्हतं.

आत बोलावलं तेव्हा बाबा माझ्याबरोबर आले आणि आत्या दारात उभी राहिली. नर्सने मला उंच खुर्चीत बसवलं आणि गळ्याभोवती टॉवेल अडकवला. शेजारच्या ट्रेवर उकळून काढलेली सुई होती, एक बारीक कात्री होती, आणि त्यांच्यावर वाफेचे थेंब होते. डॉक्टर हात धुऊन आले. मी कागद पुढे केला.

त्यांनी तो लांब धरून पाहिला. चष्मा बाहेर राहिला होता. “नंतर वाचतो बेटा,” म्हणून त्यांनी तो ट्रेजवळ ठेवला. कागदाच्या एका कोपऱ्याला पाणी लागलं आणि शाई पसरू लागली. त्यांनी इंजेक्शन भरून उजेडात धरलं आणि म्हणाले, तोंड उघड.

मला एकच गोष्ट स्वच्छ दिसली. एकदा तोंड उघडलं की मग बोलता येणार नाही. मी ओठ घट्ट मिटले.

नर्सने हनुवटीला बोट लावलं. मी मान बाजूला घेतली. डॉक्टर थांबले. ते चिडले नव्हते, पण बाहेर माणसं बसली होती. काय म्हणायचं असेल ते पटकन बोल, असं त्यांनी सांगितलं.

“तिले बोलता येत नाही डॉक्टर,” आत्या दारातून म्हणाली. “म्हणून तर आणली.”

कोणी हसलं नाही. मी बाबांकडे पाहिलं. त्यांनी श्वास रोखला होता.

‘नको’ म्हणणं मला सोपं होतं. तो शब्द त्या दिवशी माझ्या तोंडात सरळ बसला होता, मी आतल्या आत म्हणून पाहिला होता. पण नुसतं नको म्हटलं असतं तर सगळ्यांनी भीती म्हणून ते ऐकलं असतं, आत्याने येऊन माझा हात धरला असता आणि दहा मिनिटांत काम झालं असतं. दुसरे शब्द अवघड होते. ते पुढे बसलेले दिसत होते, एकामागून एक, आणि या वेळी बाजूने जायला गल्ली नव्हती. मी टॉवेलची कड धरली. जीभ बाहेर काढून त्यांना दाखवली, मग तोंड उघडून टोक वर टाळूला लावलं, आणि ते पाहत असतानाच तोंड मिटून सुरुवात केली. पहिल्याच अक्षरावर सगळं बंद झालं. मान ताणली गेली. नर्सने घड्याळाकडे पाहिलं. आत्या काहीतरी म्हणायला लागली तेव्हा बाबांनी तिच्याकडे न वळता हात आडवा धरला, आणि तो तसाच धरून ठेवला, माझं पूर्ण होईपर्यंत.

“मा… मा… माझी जीभ टा… टाळूला लागते, डॉक्टर. दो… दोरा का… का… कापू नका. मी अशीच बो… बोलते.”